धूर दिसतोय का?

जुना डिझेल ट्रक चालू व्हायला त्रास देतोय म्हटलं की भोवती जमलेल्या प्रत्येकाकडे उत्तर तयार असतं. एक म्हणतो बॅटरी, दुसरा म्हणतो हीटर प्लग (गार इंजिनातली हवा तापवणारी विजेची कांडी), तिसरा थेट पंपावर जातो. गंमत अशी की बऱ्याचदा तिघंही थोडे थोडे बरोबर असतात, आणि घोळ तिथेच होतो. बॅटरी बदलली की गाडी काही दिवस पहिल्या सेल्फला उठते. चला, बॅटरीच गेली होती. मग हवा जरा गार पडते आणि पुन्हा तेच घर्र घर्र, तोच पांढरा धूर. आता प्लग बदला. असं करत करत माणूस सगळ्यात महागड्या भागापर्यंत, म्हणजे डिझेल दाबाने सिलेंडरकडे पाठवणाऱ्या इंजेक्शन पंपापर्यंत पोचतो, आणि तोवर पैसा आणि धीर दोन्ही आटलेले असतात.

माझ्याकडच्या जुन्या ट्रकशी वर्षानुवर्षं झटापट करून माझं एक मत बनलंय. ‘नेमका कुठला पार्ट गेलाय?’ हा प्रश्न जुन्या डिझेलच्या बाबतीत फारसा कामाचा नाही. नव्या गाडीत एखादी वस्तू सपशेल जाते आणि गाडी जागची हलत नाही. जुन्या गाडीत सगळंच थोडं थोडं गेलेलं असतं. बॅटरी जेमतेम, चारातला एक प्लग मेलेला, पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या, एखादा नोझल (डिझेलचा फवारा उडवणारी तोटी) ठिबकणारा. यातला एकेक दोष इंजिन मुकाट सोसतं. तीन एकत्र आले की सोसत नाही, आणि आपण मात्र त्या दिवशी जो हाताला लागला त्यालाच गुन्हेगार ठरवतो.

सगळं येऊन ठेपतं उष्णतेच्या जमाखर्चावर. डिझेलला ठिणगी नसते हे सगळ्यांना माहीत असतं. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९२ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला तो याच कल्पनेवर, की हवा इतकी दाबायची की ती दाबानेच तापेल आणि इंधन त्या तापलेल्या हवेत सोडायचं. पेटवण्याचं दुसरं काही साधनच नाही. प्री-चेंबर (सिलेंडरला जोडलेली छोटी पोकळी, जिथे डिझेल आधी पेटतं) असलेल्या जुन्या इंजिनात हवा साधारण वीस-बावीस पट दाबली जाते. जराही उष्णता वाया गेली नाही असं धरलं तर २५ अंशांची हवा वीस पट दाबल्यावर ७०० अंशांच्या वर जायला हवी. पण ते कागदावर. गार सिलेंडरच्या भिंती त्यातली बरीच उष्णता शोषून घेतात, रिंगांजवळून हवा निसटते, आणि सेल्फवर फिरणाऱ्या थंड इंजिनात ४०० च्या आगेमागे उरतात. प्रयोगशाळेत डिझेल २१० अंशांच्या आसपास आपोआप पेट घेतं, मग ४०० पुष्कळ झाले की, असं वाटेल. फरक वेळेचा आहे. इथे फवारा उडाल्यापासून थेंबांची वाफ होऊन ती पेटायला काही मिलिसेकंदच मिळतात, आणि पिस्टन लगेच खाली निघालेला असतो.

हा हिशेब एकदा डोक्यात बसला की बाकीच्या गोष्टी आपोआप जागेवर येतात. आत येणारी हवा २५ अंशांनी गार असेल तर दाबल्यानंतरचं तापमान ढोबळ मानाने ६० अंशांनी उतरतं. इंजिन मिनिटाला २०० फेरे घेत असेल तर पिस्टनला खालून वर यायला ०.१५ सेकंद लागतात, १०० फेरे घेत असेल तर ०.३. त्या वाढीव वेळात हवा निसटत राहते आणि भिंती उष्णता खात राहतात. म्हणजे बॅटरीचं काम नुसतं इंजिन फिरवण्याचं नाही, हवा तापवण्यातही तिचा मोठा वाटा असतो. ‘फिरतंय की चांगलं!’ असं म्हणून बॅटरीला सोडून देणारे लोक इथे फसतात. इंजिन फिरणं आणि पुरेशा वेगाने फिरणं यात फरक आहे, आणि कानाला तो चटकन कळतो असं मला तरी वाटत नाही, विशेषतः आपल्याच गाडीच्या बाबतीत. रोज थोडं थोडं मंदावत गेलेलं सेल्फ रोजच्या कानाला नेहमीसारखंच वाटतं.

पण हिशेब मांडायच्या आधी एक गोष्ट बघून घ्यायची. डिझेल सिलेंडरपर्यंत पोचतंय का? नसेल पोचत, तर उष्णतेच्या गप्पा व्यर्थ. आणि हे कळायला एकही पाना लागत नाही. एकाला सेल्फ मारायला बसवायचं आणि आपण मागे सायलेन्सरच्या तोंडाशी उभं राहायचं. दहा सेकंद. त्याहून जास्त नाही, स्टार्टर तापतो, मग मिनिट-दोन मिनिटं थांबायचं. या दहा सेकंदांत धूर येतोय की नाही, आणि येत असेल तर कुठल्या रंगाचा, एवढंच बघायचं. निम्मं निदान इथेच होतं. ही दहा सेकंदं लोक नुसती चावी पिळण्यात घालवतात याचं मला फार वाईट वाटतं. बॉनेट उघडून पाच जण आत डोकावत असतात आणि मागे कुणीच नसतं.

अजिबात धूर नाही, म्हणजे डिझेल जात नाही. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलचा वास असलेला धूर आला, म्हणजे डिझेल जातंय, पण पेटत नाही. हे दोन आजार वेगळे, त्यांची औषधंही वेगळी. काळ्या धुराची गाडी बहुतेक वेळा चालू तरी होते. तिथे एअर फिल्टर बघायचा आणि पुढे जायचं.

धूर नसेल तर सगळ्यात आधी स्टॉपची तार. जुन्या ट्रकना इंजिन बंद करायला ओढायची केबल असते, ती पंपावरचा लिव्हर बंदच्या बाजूला नेते. केबल गंजली, सुकली की सोडल्यावर पूर्ण परत येत नाही. आत बसलेल्याला मूठ पूर्ण दाबलेली दिसते, आणि पंपावर लिव्हर अर्ध्यावर अडकलेला असतो. एका मित्राच्या गाडीला पंप उतरवायचा सल्ला मिळालेला असताना मी निव्वळ बोटाने तो लिव्हर ढकलला आणि गाडी उठली. मित्र बराच वेळ काही बोलला नाही. काही गाड्यांत केबलऐवजी सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडणारी झडप असते. चावी फिरवली की पंपापाशी टिक्‌ असा आवाज यायला हवा. आवाज नसेल तर आधी तिथपर्यंत वीज येतेय का ते टेस्ट लॅम्प लावून पाहायचं. यांत्रिक पंपाच्या जुन्या डिझेलला चालू राहायला जेमतेम ही एकच वायर लागते, आणि नेमकी तीच कुणाच्या लक्षात राहत नाही.

यानंतर येते एअर. या विषयावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण जुन्या गाडीला सकाळच्या वेळी छळणारं यासारखं दुसरं काही नाही. टाकीपासून फीड पंपापर्यंतची (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपापर्यंतची) लाइन इंजिन चालू असताना ओढीखाली असते, दाबाखाली नसते. त्यामुळे त्या भागात भोक असेल तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. खाली वाकून बघणाऱ्याला सगळं कोरडं ठणठणीत दिसतं आणि ‘लीकेज कुठेच नाही’ असा निर्वाळा मिळतो. रात्रभर गाडी उभी राहिली की त्याच भोकातून हवा आत येते आणि लाइनमधलं डिझेल हळूहळू टाकीकडे परतून जातं. सकाळी पंपाला हवाच मिळते. तो बराच वेळ हवा ढकलतो, मग थोडं डिझेल, मग पुन्हा हवा. इंजिन एकदा पकडतं, दोन-चार फटके मारतं, विझतं. तासाभराने त्याच गाडीचं सेल्फ मारा, लगेच उठेल. हा सकाळ-दुपारचा फरक थंडीमुळे पडतो असं समजून लोक प्लग बदलतात.

याची एक फुकट चाचणी आहे. एका रात्री गाडी उतारावर नाक वर करून लावायची, दुसऱ्या रात्री नाक खाली करून. टाकी मागे आणि इंजिन पुढे असेल तर नाक वर असताना डिझेल टाकीकडे अधिक सहज उतरतं. दोन सकाळींत ठळक फरक पडला तर एअरचा संशय जवळजवळ पक्का. हीटर प्लगला गाडीचं नाक कुठल्या दिशेला आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं.

पक्कं करायचं असेल तर फिल्टर ते पंप या वाटेत हातभर पारदर्शक नळी घालायची. डिझेल चालणारीच हवी, साधी पातळ नळी काही दिवसांत कडक होते. मग इंजिन चालू करून नळीकडे बघत बसायचं. पिवळसर डिझेलमधून सुरुवातीला मोठा फुगा सरकतो, तो ठीक आहे, फिल्टरमध्ये अडकलेली हवा असते. पण पाच-दहा मिनिटांनंतरही टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे एकामागोमाग एक येत राहिले, आणि रेस वाढवल्यावर त्यांची रांग दाट झाली, तर हवा कुठून तरी सतत येतेय. मग टाकीला बाजूला सारायचं. स्वच्छ डब्यात डिझेल घ्यायचं, डबा इंजिनापेक्षा उंच ठेवायचा आणि वेगळ्या नळीने थेट फीड पंपाला जोडायचा. बुडबुडे थांबले तर दोष टाकीकडच्या लाइनमध्ये, नाही थांबले तर पुढे फिल्टरच्या डोक्यावर, हँड प्रायमरच्या (हाताने दाबून डिझेल भरायच्या पंपाच्या) सीलमध्ये किंवा बॅंजो बोल्टच्या (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टच्या) तांब्याच्या वॉशरमध्ये. माझा अनुभव विचाराल तर हँड प्रायमर आणि रबरी नळीची टोकं, इथेच बहुतेक वेळा चोर सापडतो. नळी क्लिपच्या आत कडक होते आणि क्लिप कितीही आवळली तरी बसत नाही. दोन बोटं कापून टाकून पुन्हा बसवली की काम होतं. वॉशर मात्र जुनाच उलटा करून बसवू नये. माणसं अख्खा फिल्टर नवा घालतात आणि वॉशरवर वाचवतात.

रबराचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगतो. १९९३ मध्ये अमेरिकेत कमी गंधकाचं डिझेल सक्तीचं झालं तेव्हा जुन्या पंपांची नायट्राइल रबराची सीलं गळू लागल्याच्या तक्रारी आल्या. दोष गंधकाचा नव्हता. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलमधली ॲरोमॅटिक द्रव्यं कमी होतात. जुनं रबर वर्षानुवर्षं त्या द्रव्यांनी फुगून बसलेलं होतं, ती कमी होताच आकसलं. उलट बायोडिझेल काही जुनी रबरं मऊ करून फुगवतं. म्हणून गाडी दिसायला जशीच्या तशी असली तरी तिच्या पोटात जाणारं डिझेल बदललेलं आहे, हे विसरून चालत नाही.

लाइनमधून एअर काढल्यावरही धूर नसेल तर नोझलकडे जाणाऱ्या पाइपांचे नट एकेक फेरा सैल करून सेल्फ मारायचं. डिझेल उसळ्या घेत बाहेर यायला हवं. हे फक्त जुन्या यांत्रिक पंपांसाठी, बरं का. कॉमन रेल, म्हणजे नव्या पद्धतीच्या डिझेल इंजिनात असले प्रयोग मुळीच करायचे नाहीत, तिथे दाब हजार बारच्या पुढे जातो. आणि जुन्या गाडीतसुद्धा नोझलच्या फवाऱ्यासमोर हात धरायचा नाही. तो कातडी भेदून आत जातो, वर टाचणीएवढी खूण दिसते आणि आत मांस सडू लागतं. तसं झालं तर ‘काही नाही, थोडं खरचटलंय’ म्हणत बसू नये, तडक शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जायचं.

आता पांढरा धूर. इथे मघाचा जमाखर्च उघडायचा आणि स्वस्त रकमेपासून सुरुवात करायची. मल्टिमीटर बॅटरीवर लावून सेल्फ मारायचं. बारा व्होल्टच्या गाडीत सेल्फ चालू असताना आकडा ९.६ च्या खाली जाऊ नये. बॅटरी टिकली आणि तरी इंजिन रेंगाळत फिरतंय, तर केबल बघायची. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर, आणि सेल्फ. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगमध्ये घोळ आहे. स्टार्टर ५०० अँपिअर ओढत असेल तर एका हजारांश ओहमच्या गंजालाही अर्धा व्होल्ट द्यावा लागतो. वरून चकचकीत दिसणाऱ्या केबलच्या टोकावरच्या धातूच्या कडीत हिरवट पूड साठलेली मी पाहिलीय, आणि चासिसला जोडलेली अर्थिंगची पट्टी तर रंग दिलेल्या पत्र्यावर कसलेली असते.

मग हीटर प्लग. एक मेला तरी गाडी चालू होते, पण थरथरत, एका सिलेंडरवर मिसिंग करत, पांढरा धूर सोडत, आणि अर्ध्या मिनिटात सुरळीत होते. अशी लंगडत उठणारी गाडी मला खरं तर आवडते, कारण ती स्वतःच पत्ता सांगते. प्लगवरची पट्टी काढायची, टेस्ट लॅम्पची एक वायर बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं टोक प्लगच्या टोकाला. दिवा लागला तर आतली तार शाबूत. फार जुन्या, उघड्या तारेच्या प्लगमध्ये सगळे एका साखळीत जोडलेले असतात, तिथे एक गेला की सगळेच थंड. चारही प्लग चांगले असतील तर पट्टीपर्यंत वीज येतेय का, रिले किती वेळ धरून ठेवतोय, ते पाहायचं. डॅशबोर्डवरचा दिवा लागणं हा काही पुरावा नाही. पुष्कळ गाड्यांत तो दिवा नुसता वेळ मोजतो, प्लगला त्याची खबरही नसते.

पंपाचं टायमिंग उशिरा झालं असेल तरी पांढरा धूर येतो, कारण पिस्टन खाली निघाल्यावर, म्हणजे हवा निवायला लागल्यावर डिझेल येतं. अशी गाडी चालू झाल्यावर तिचा आवाज मऊ असतो, डिझेलची नेहमीची ठणठण नसते, आणि चढाला दम लागतो. नवा टायमिंग बेल्ट घातल्यापासून त्रास सुरू झाला असेल तर मी दुसरं काही उघडण्याआधी इथेच बघेन.

गरम झाल्यावर चालू न होणारी गाडी हा वेगळाच वर्ग. सकाळी पहिल्या सेल्फला उठते, दुपारी लांबून येऊन दहा मिनिटं थांबली की हटून बसते. रोटरी पंपाच्या आतले भाग झिजलेले असले की तापून पातळ झालेलं डिझेल फटींतूनच परत फिरतं, आणि सेल्फच्या मंद गतीत नोझल उघडण्याइतका दाब बनत नाही. इंजिन बंद असताना पंपावर गार ओलं फडकं टाकून थोडं थांबायचं. त्यानंतर गाडी निमूट उठली, तर पंपाचे दिवस भरलेत, आणि इथे मात्र तो उतरवायला माझी हरकत नाही. त्याआधी एवढंच बघायचं, की गरम असताना सेल्फ पूर्ण वेगात फिरतंय ना. तापलेला स्टार्टरही हीच लक्षणं दाखवतो.

ईथरच्या स्प्रेबद्दल माझं मत सरळ आहे. हीटर प्लग किंवा हवेच्या वाटेत हीटर जाळी असलेल्या इंजिनात तो मारायचाच नाही. ईथर डिझेलपेक्षा कमी उष्णतेत पेटतं, पिस्टन अजून वर येत असतानाच भडकतं, आणि रिंगा किंवा पिस्टनच्या कडा तुटतात. इंजिनाला ईथरचं व्यसन लागतं असं म्हणतात. व्यसन कसलं, दर वेळी रिंगांना मार बसतो, कॉम्प्रेशन आणखी उतरतं आणि पुढच्या वेळी जास्त स्प्रे लागतो.

हे सगळं तपासून झालं तरी गाडी सकाळी रडतच असेल तर कॉम्प्रेशन मोजायचं. सगळे प्लग काढून, त्यांच्या भोकात डिझेल इंजिनाचा कॉम्प्रेशन गेज लावून, भरलेल्या बॅटरीवर. पुष्कळ प्री-चेंबर इंजिनांत चांगला आकडा २५ ते ३० बारच्या घरात असतो. इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये असेल तो खरा. एका सिलेंडरचा आकडा बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर ती आणखी मोठी खूण. पेट्रोल इंजिनासारखं सिलेंडरमध्ये तेल ओतून पुन्हा मोजायची युक्ती इथे करू नये. डिझेलमध्ये पिस्टनच्या वर उरणारी जागा इतकी थोडी असते की ओतलेलं तेलच ती व्यापतं आणि आकडा खोटा फुगतो. जास्त पडलं तर कनेक्टिंग रॉड वाकायची पाळी.

त्यापेक्षा पिस्टन वर आणून सिलेंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा सोडायची, गाडी न्यूट्रलमध्ये आणि हात पट्ट्यांपासून दूर, आणि कान लावायचा. सुस्कारा एअर फिल्टरच्या पाइपात ऐकू आला तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमध्ये आला तर एक्झॉस्ट, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट, तेल भरायच्या तोंडातून आला तर रिंगा. व्हॉल्व्ह असेल तर हेड खोलायच्या आधी टॅपेटची (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाची) फट मोजावी. व्हॉल्व्हची सीट झिजत गेली की ही फट कमी होत जाते, व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि निम्मं कॉम्प्रेशन तिथूनच निघून जातं. एका फीलर गेजने आणि दोन पान्यांनी ते परत येतं. आणि दोष रिंगांचा निघाला, तर जमाखर्चाची दुसरी बाजू भक्कम करून गाडी पुष्कळ काळ वापरता येते. बॅटरी तगडी, केबल नव्या, चारही प्लग जिवंत, कंपनीने थंडीसाठी सांगितलेलं पातळ ग्रेडचं तेल, आणि जिथे कडाक्याची थंडी असेल तिथे ब्लॉक हीटर. इंजिन तेल किती खातंय याची नोंद तेवढी ठेवायची. बोअरचं, म्हणजे सिलेंडर नव्याने कोरायचं काम कधी काढायचं ते त्या नोंदीवरून ठरवता येतं.